काकूंनी जिंकून दिलेला खेळ

लकवा मारलेल्या हाताची बोटं पुन्हा हलावीत म्हणून मी टॅबवरचा एक खेळ बनवला होता. पडद्यावर बुडबुडे तरंगत येतात, ते दुबळ्या हाताने फोडायचे. जमू लागलं की बुडबुडे लहान होत जातात. तो वापरून पाहायला वर्ध्याच्या एका फिजिओथेरपिस्ट मॅडमनी देवळीच्या एका काकूंकडे मला पाठवलं.

काकूंना उजव्या हाताने जेवायचं होतं, एवढंच. सून भरवायची. डाव्या हाताने ताटाला शिवायला त्या तयार नव्हत्या. "दुसऱ्यानं भरवला का घास घशाखाली उतरतच नाई, बाई."

"उतरत नाई म्हनते, अन् दोन भाकरी कुठी जाते मंग?" सून आतून म्हणाली.

पहिल्या दिवशी काकूंकडून एकही बुडबुडा फुटला नाही. मी टॅब सुनेला समजावून दिला आणि निघाले. रडू आवरत होते. ते काकूंना दिसलं असावं.

पुढे दर शनिवारी मी घरून, सिंदी मेघेहून, देवळीला जायचे. कोणाच्या लुळ्या हाताकडे टक लावून पाहणं मला जमत नाही. माझ्याकडे कोणी तसं पाहिलं तर मलाच काही सुचत नाही. खेळ सुरू करून दिला की मी दाराकडे तोंड करून बसायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. खेळणाऱ्याला अवघडू द्यायचं नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होते. गुण टॅबमध्ये नोंदले जातातच. माझी शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठीत खोदून विचारायला जीभ वळत नसे. "खेळ आवडला?" एवढ्यावर थांबायचे.

"एकदम मस्त हाय," काकू म्हणायच्या.

गुण चढत गेले. तिसऱ्या आठवड्यानंतर मी गुणांचा आलेख मॅडमना पाठवला. त्यांनी फोन केला. "तू स्वतः बघितलंस ना?"

मी हो म्हणाले. तिथे बसलेच होते की.

काकूंना दवाखान्यात आणण्यात सुनेचे मजुरीचे दिवस बुडत होते. गुण पाहून मॅडमनी काकूंच्या आठवड्यातल्या दोन फेऱ्या बंद केल्या आणि महिन्याने यायला सांगितलं.

महिन्याने दवाखान्यात, माझ्यासमोरच, मॅडमनी काकूंची उजवी मूठ उघडायला घेतली. ती उघडेना. थोडी फट पडली तेव्हा आतून वास आला. नखं तळव्यात रुतून जखम झाली होती. काकूंनी ओठ दाबून धरले होते.

"या हातानं खेळत होता?" मॅडमनी विचारलं.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग डावा हात जरासा उचलला.

"काऊन पण?" सून ओरडली. "मले समजलं हात सुधरून राह्यला. मी वावरात निंदाले जात होती, मले काय माहीत!"

"पोरगी इतक्या दुरून येते. पहिल्या रोजी तिचं तोंड पाह्यलं होतं का तू? तिचा खेळ कसा हारू द्याचा?"

टॅबला बोट कळतं. कोणत्या हाताचं, ते कळत नाही. हे मला माहीत होतं, म्हणून तर मी तिथे बसायचे. मी मॅडमना सांगितलं की मी पाहिलं नव्हतं.

सून माझ्याकडे वळली. "मंग तू येऊन करत काय होती, बाई?"

"तिले नको बोलू," काकू म्हणाल्या.

मॅडमनी जखम धुतली आणि तळव्यात कापडाची गुंडाळी बसवली. ती रोज बदलायची, मूठ रोज कोमट पाण्यात धरायची, असं सुनेला दाखवलं. बोटं थोडी सुटतील, पण घास उचलण्याइतकी सुटतील असं धरून चालू नका, म्हणाल्या. डाव्या हातात चमचा धरायची सवय करायला सांगितली.

काकूंनी ते ऐकलंच नाही असं केलं. उजवा हात पदराखाली घेतला आणि सुनेला म्हणाल्या, "चाल. बस निघून जाईन."