मागच्या सीटवरची झोप

माझ्या ताईच्या नवऱ्याचा सगळा धंदा त्यांच्या नाकावर चालायचा. जुन्या गाड्यांच्या लोकांत त्यांना 'नाकवाले' म्हणत. भाऊजी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा दारातूनच म्हणाले होते, "गॅस गळतोय." आम्हा चौघांपैकी एकालाही वास आला नव्हता. बघितलं तर शेगडीची नळी खरंच चिरली होती. वडील नंतर आईला म्हणाले, "जावई करून घ्यायला हरकत नाही. चेहरा काय, रोज बघून सवय होते."

मी गाड्यांच्या सीटा शिवतो. माझं दुकान त्यांच्या गॅरेजला लागून, मधे फक्त एक पत्रा. जुनी गाडी आली की ते कार्बोरेटर उतरवायचे, पेट्रोलमध्ये धुवायचे आणि त्यातले बारीक भोकांचे जेट फुंकून उजेडाकडे धरायचे. सगळं जोडून झालं की इंजिन चालू ठेवून मागे जायचे. सायलेन्सरपाशी वाकायचे, हाताने थोडासा धूर नाकाकडे ओढायचे, आणि पुढे येऊन एक स्क्रू किंचित फिरवायचे. पेट्रोल जास्त जात असेल तर म्हणायचे, "हिला फार पाजताय." हवा जास्त असेल तर, "ही उपाशी आहे बिचारी." धूर तपासायचं मशीन घ्या म्हटलं की फणकारायचे, "माझं मशीन देवाने दिलंय. ते बिघडत नाही." माणसाने इतकं ठाम बोलू नये.

मागच्या वर्षी ते तापाने फणफणले. बरे झाले, कामाला लागले. मग एके दिवशी गॅरेजमध्ये पेट्रोलचा डबा कलंडला. पत्र्याखालून ओघळ माझ्या दुकानात आला आणि वासाने माझे डोळे चुरचुरायला लागले. मी धावत पलीकडे गेलो. भाऊजी पाठमोरे बसले होते, पुढ्यात चहाचा स्टोव्ह, हातात काडेपेटी. मी ती हिसकावूनच घेतली. त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग ओल्या फरशीकडे.

"दिसलं नाही रे," ते म्हणाले.

दिसलं नाही! सांडलेलं पेट्रोल कधी कुणाला आधी दिसतं का?

ताईला विचारलं तर आधी तिने उडवून लावलं, मग रडायलाच लागली. "परवा दूध करपून कोळसा झालं आणि हे ओट्याला टेकून पेपर वाचत होते. तापापासून त्यांना कसलाच वास येत नाही. कुणाला सांगितलंस तर माझ्याशी बोलू नकोस." मी भाऊजींपाशी डॉक्टरचा विषय काढला तर ते अंगावरच आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तू तुझा फोम कोंब." मला संताप आला होता. पण ते आधीच धुतलेला जेट परत धुवायला लागले आणि मी माझ्या दुकानात परत आलो.

त्यानंतरही ते धुरापाशी वाकायचे, हाताने धूर ओढायचे, डोळे मिटायचे, स्क्रू फिरवायचे. गिऱ्हाईक खूश होऊन जायचं. मी निमित्त काढून पलीकडे जायचो, वास घ्यायचो आणि म्हणायचो, "आज जरा उग्र वाटतोय धूर." कधी ते ऐकायचे, कधी पाना आपटायचे. मी तरी दिवसभर दुकान सोडून किती वेळा जाणार? पत्र्यापलीकडे एखादं इंजिन सुरू झालं की माझं शिवण थांबायचं.

थंडीच्या तोंडावर घड्याळवाल्याची गाडी आली. चौकात त्याचं घड्याळांचं दुकान आहे, आणि गाडी त्याच्या आजोबांची. सीटा मी केल्या, आणि सांगतो, झकास केल्या. मागची सीट तर अशी की बसलेल्याने उठायचं नाव काढू नये. मग गाडी पलीकडे गेली. भाऊजींनी कार्बोरेटर खोलून साफ केला, सायलेन्सरची नळी नवीन टाकली. मी त्या दिवसांत कापड आणायला बाहेरगावी होतो. परत आलो तोवर गाडी गेलेली.

पंधरवड्याने घड्याळवाला माझ्या दारात उभा राहिला. गाडी रस्त्यावर चालूच होती आणि मागे त्याच्या दोघी मुली बसल्या होत्या. त्यांना आजीकडे सोडायला निघाला होता. घाटापलीकडचं गाव, दुपारपर्यंतचा रस्ता.

"तुमच्या हाताला सोन्याचं कडं घातलं पाहिजे," तो म्हणाला. "या दोघी गाडीत भांडून माझा जीव खायच्या. आता बसल्या की पाच मिनिटांत डाराडूर! उतरवताना उचलून न्यावं लागतं."

कौतुक कुणाला नको असतं? मी फुगलो. फोम कसा निवडला, स्प्रिंगा कशा बांधल्या, सगळं ऐकवलं. तो गेल्यावरही मला राहवेना. भाऊजींना खिजवायला म्हणून पलीकडे गेलो.

"नुसतं इंजिन चालून काय उपयोग? गाडीत सुख माझ्या सीटांमुळे आहे," म्हटलं, आणि मुलींची गोष्ट सांगितली.

ते हात पुसत होते. पुसायचे थांबले.

"मागच्या काचा बंद असतात?"

"थंडीत कोण उघड्या ठेवेल? तो स्वतः पुढची थोडी खाली ठेवतो, सिगारेटसाठी."

"मुलींना ओकारी होते? डोकं दुखतं?"

"धाकटीला गाडी लागते म्हणत होता."

भाऊजींच्या तोंडावरचा रंग उडाला. "नळीचा जोड मागच्या सीटखाली येतो," ते हळू आवाजात म्हणाले. "तिथला जुना पत्रा कुजलेला आहे. जोड नीट बसला नसेल तर धूर सरळ आत. मी चालवून बघितली होती रे. मला काही..." मग एकदम ओरडले, "त्या झोपत नाहीयेत! टेम्पो काढ!"

ताई डबा घेऊन नुकतीच आली होती. ती तशीच आमच्यासोबत टेम्पोत चढली आणि घड्याळवाल्याला फोन लावत राहिली. रिंग जात होती. गाडी चालवताना फोन घ्यायचा नाही, हा त्याचा नियम. एरवी मी त्याची तारीफ केली असती, त्या दिवशी शिव्या घातल्या. भाऊजी शेजारी बसून पुढच्या प्रत्येक वळणाकडे ताठ मानेने बघत होते. मी इतका घाबरलो होतो की गिअर पडत नव्हता.

घाट सुरू होतो तिथल्या चहाच्या टपरीपाशी ती गाडी दिसली. घड्याळवाला बाहेर उभा राहून चहा पीत होता. गाडी चालूच होती. काचा बंद होत्या आणि आतून धुरकटल्या होत्या.

"अहो, उठवू नका," आम्हाला धावताना पाहून तो हसत म्हणाला. "आत्ताच डोळा लागलाय. गाडीही बंद करू नका. गरम झाली की लवकर चालू होत नाही, तुम्हीच तर सांगितलंत."

भाऊजींनी मागचं दार उघडलं. धुराचा वास मला चार हातांवरून आला. त्यांनी थोरलीला माझ्या हातात दिलं आणि धाकटीला उचलून रस्त्याच्या पलीकडे वाऱ्यात नेलं. थोरली ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मला बरं वाटलं. धाकटी रडली नाही. तिचे गाल छान गुलाबी दिसत होते; धुराच्या विषाने ते असे होतात, हे मला नंतर कळलं. टपरीवाला म्हणाला, "काही नाही हो, पोर तर टवटवीत आहे." भाऊजी तिला हलवत होते आणि तिची मान हाताबाहेर लोंबत होती.

दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. आम्ही बाहेर बाकावर बसलो. डॉक्टरीण दोनदा येऊन गेली आणि दोन्ही वेळा आमच्याकडे न बघता गेली. उन्हं कलल्यावर तिने घड्याळवाल्याला आत बोलावलं. पोरीने डोळे उघडले होते, आईला हाक मारली होती. तो बाहेर आला तो सरळ भाऊजींकडे. त्यांच्यासमोर उभा राहून तो म्हणाला, "उस्ताद, तुम्ही नाकवाले. तुम्हाला वास आला नाही?"

मला वाटलं, आता काहीतरी सांगतील. जोडातलं खराब पॅकिंग, कुजका पत्रा, पन्नास कारणं होती, आणि सगळी खरी होती.

"नाही," भाऊजी म्हणाले. "तापापासून मला कसलाच वास येत नाही. मी कुणाला कळू दिलं नाही."

घड्याळवाल्याने हात उगारला. मी उठलो, पण ताईने मला खाली बसवलं. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग त्याने स्वतःचंच तोंड झाकून घेतलं. "तापापासून," तो म्हणाला. "मग बाकीच्या गाड्या?"

भाऊजी भिंतीला टेकले. मग ते एकेक गाडी सांगायला लागले. शाळेच्या बाईंची निळी. बेकरीवाल्याची, नळी बदललेली. दोघे म्हातारा-म्हातारी, पांढरी, लेकाकडे जाऊन येऊन असतात. ते सांगत होते आणि ताई फोन लावत होती. बाईंनी उचलला, बेकरीवाला ओरडला, पण निदान ओरडला.

पांढऱ्या गाडीवाल्यांचा फोन वाजत होता. ताईने तो परत लावला.