बाबांचे खाडीवरचे दिवस

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी "औषधांचं" एवढंच सांगते. खुलासा करायला गेलं की समोरच्याचा चहा गार होतो. पेशीवर रिसेप्टर नावाची प्रथिनं असतात. औषधाचा रेणू त्यांच्या खाचेत बसला की पेशीला निरोप मिळतो. ती खाच स्क्रीनवर फिरवून पाहायची आणि तिच्यात नेमका बसेल असा रेणू सुचवायचा, ही माझी नोकरी. आमच्या गटाकडे डोपामिनचे दोन रिसेप्टर आहेत, सख्ख्या भावांसारखे. एकात रेणू बसला तर पार्किन्सन्सच्या रुग्णाचे हातपाय मोकळे होतात. दुसऱ्यात बसला तर काहींना कसला तरी नाद लागतो, असं दिसतं. आतली खाच दोघांची जवळजवळ सारखीच. फरक आहे तो बाहेरच्या कडेला, आणि आमची सगळी खटपट त्या कडेपाशी चालते.

बाबांना पार्किन्सन्स झाला तेव्हा यातलीच एक जुनी गोळी सुरू झाली, दोन्हीकडे बसणारी. हाताची थरथर कमी झाली. मग जन्मात कधी गळ न धरलेला हा निवृत्त हेडक्लार्क नवीन पनवेलहून रिक्षा करून रोज खाडीवर मासे धरायला जाऊ लागला. जेवणाचं भान नाही. आई डबा घेऊन मागोमाग जायची. घरात "मीठ" आणि "पेपर" याखेरीज ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नसे, ते तिथे तिला आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायचे. आई चक्क खळखळून हसायची. मला ते बघून बरं वाटायचं, आणि नेमकं काय चाललंय तेही कळत होतं.

"डॉक्टरांना यातलं काही सांगू नकोस," आई एकदा म्हणाली. "चाललंय ते चालू दे."

मी "बघू" म्हटलं.

एका दुपारी ओहोटी लागल्यावर बाबा पाण्याच्या मागे मागे चिखलात उतरले आणि मांडीपर्यंत रुतले. आईला ओढवेना. होडी धूत असलेल्या एका कोळ्याने त्यांना बाहेर काढलं. "काका, सुकतीला हितं काय गावनार नाय, घरी जावा," तो म्हणाला. बाबा गळ सोडायला तयार नव्हते. आईने हे सगळं मला फोनवर सांगितलं, आणि तरीही शेवटी "डॉक्टरांचं तेवढं लक्षात ठेव" म्हणाली. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं.

त्यांनी गोळी हळूहळू कमी करून बदलली. नाद सुटला, बोलणंही थांबलं. बाबा आता बाल्कनीत बसून असतात. आईने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, ते मला जास्त लागलं.

परवा रविवारी मी लॅपटॉप उघडून बसले होते, तेव्हा आई शेजारी आली. मी तिला दोन्ही रिसेप्टर दाखवले. एकात बसेल आणि दुसऱ्यात शिरणारच नाही असा रेणू आम्ही शोधतोय, म्हणजे हातपाय चालतील आणि नाद लागणार नाही, असं समजावलं.

तिने स्क्रीनवरच्या दुसऱ्या रिसेप्टरवर बोट ठेवलं.

"हाच ना तो, ज्याच्यात गोळी बसली की ते बोलायचे?"

"बहुतेक हाच."

"मग याच्यासाठी कुणी काही शोधतंय का?"

आमच्याकडे तरी कुणी नाही, असं मी तिला सांगितलं.