चेनवाले सर

आमचे सूक्ष्मजीवशास्त्राचे सर खडू विसरत, हजेरीपट विसरत, पण खिशातली पँटची सुटी चेन कधी विसरत नसत. आर्णीत त्यांच्या भावाचं शिलाईचं दुकान होतं, चेन तिथलीच. यवतमाळच्या आमच्या कॉलेजात सगळे त्यांना चेनवाले सरच म्हणत, आणि त्यांना त्याचा राग-बिग नव्हता.

जीवाणूच्या पेशीत प्रथिन बनवायचा हुकूम आरएनएवर लिहून निघतो. तो नको झाला, तर जीवाणू उलट अक्षरांचा दुसरा आरएनए सोडतो. तो हुकमाला चिकटतो आणि हुकूम वाचताच येत नाही. सर चेनचा एक पदर दाखवत, "हा निरोप." मग दुसरा लावून सर्रकन ओढत. "आता वाचून दाखव बेटा! भांडला नाही, ओरडला नाही. नुसता चिकटून बसला."

बोंडअळीने कापूस खाल्ला त्या साली बाभुळगावजवळच्या आमच्या गावाहून बाबांची चिठ्ठी आली : शिक्षण पुरे, सामान घेऊन घरी ये. मी रडत ती फाडायला निघाले, तर सरांनी अडवलं. "फाडून काय होते? उद्या दुसरी येईन. मले गावाचा रस्ता सांग."

रविवारी सर स्कूटरवरून थेट आमच्या वावरात हजर. बाबा तापलेलेच होते. "मास्तर, तुमच्या जंतूच्या शिक्षणानं माह्या पराटीवरची अळी मरते काय?"

"नाही मरत, भाऊ. पण पोरगी शिकली तं काहून नाही मरत, हे तं विचारन!"

बाबा पाठ फिरवून बांधावर जाऊन बसले. सर शेजारी टेकले ते उठले नाहीत. दोघं संध्याकाळपर्यंत त्या धुऱ्यावर बसून. पुढच्या रविवारी तेच, त्याच्या पुढच्याही. चहा करून करून आईची साखर संपली. शेवटी बाबाच म्हणाले, "जाय वं पोरी कॉलेजले. हा मानूस काही उठून नाही राह्यला!" इतका लोचट माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका माझाही.

आता मी शिकवते, निवृत्त होताना त्यांनी दिलेली तीच चेन घेऊन. परवा सकाळी त्यांच्या भावाचा फोनवर निरोप आला, सर गेले. मी तशीच वर्गावर गेले. नेमका हाच धडा होता. चेन ओढली, तशी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, हरेक निरोपाले असा उलटा निरोप असते काय?"

"नाही बेटा," मी म्हणाले, "हरेकाले नसते." आणि खुर्चीत बसले.