आरतीची पाच पानं

येरवड्याच्या ऑफिसात मला उतारवयात जे काही शिकवलं गेलं, त्यातलं सगळ्यात निरुपयोगी शिक्षण म्हणजे वेबसाइटवर किती लोक आले, कुठून आले आणि किती वेळ थांबले हे मोजायचं. माझी उमेदीची वर्षं छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेली. तो बंद पडला आणि मी आरत्या, स्तोत्रं, व्रतांच्या कहाण्या वेबसाइटवर चढवू लागलो. सोबतीला अमरावतीची एक मुलगी होती. आम्ही दोघं म्हणजे कंपनीचा मराठी विभाग.

शिकवायला आलेला गृहस्थ मराठी असून एक वाक्य धड मराठीत पुरं करत नव्हता. पडद्यावर रेघा वर जात, खाली येत, आणि हा त्यांच्याकडे बोर्डात आलेल्या लेकीकडे बघावं तसा बघत राही. एकच पान बघून माणूस निघून गेला तर ते पान नापास, असं त्याचं शास्त्र होतं. याला बाउन्स म्हणायचं. आमचं गणपतीच्या आरतीचं पान सगळ्यात जास्त लोक उघडत आणि तेच सगळ्यात जास्त नापास होई.

हा आकडा गणपतीत सुधारला नाही तर मराठी विभाग बंद, असं साहेबांनी बजावलं. माझं काय, मी निवृत्तीला टेकलेलो. पण नोकरी सुटली की सरळ घरी यायचं आणि बोहल्यावर चढायचं, या बोलीवरच त्या मुलीला घरच्यांनी पुण्याला पाठवलेलं होतं. आणि तिला ते मुळीच नको होतं.

तरी मीटिंगमध्ये बोलली तीच. "सर, लोक आरती म्हणून राहिले ना तिथं. आरती झाली की प्रसाद खातील, पुढचं पान कायले उघडतील?"

साहेबांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी आणि त्या गृहस्थाने अक्कल एकत्र करून तोडगा काढला. आरतीची पाच पानं करायची, थोडी म्हणून झाली की 'पुढे' दाबायचं. मी विचारलं, आरती करणाऱ्याच्या एका हातात ताम्हण, दुसऱ्यात घंटा, मग दाबायचं कशानं? लोकांना सवय होते, असं उत्तर मिळालं.

गणपती बसले. कसब्यातल्या आमच्या घरी वडिलांनी कौतुकानं फोन पाटाला टेकवून ठेवला, लेकाच्या ऑफिसची आरती म्हणून. आरती सगळ्यांनाच पाठ असते, पण पहिल्या कडव्यापुरती. पुढे नुसता सूर लावायचा, हा घराघरातला रिवाज. पण आज सगळ्यांचे डोळे फोनवर; पहिलं कडवं दणक्यात झालं, तिथंच पान संपलं आणि सगळे गप्प. टाळ्या थांबल्या. वडील पेटतं निरांजन घेऊन तसेच उभे. आईनं पुढे होऊन बोट लावलं ते नेमकं जाहिरातीवर, आणि गणपतीसमोर फोन साबणाचे गुण गाऊ लागला.

वडील एवढंच म्हणाले, "उद्यापासून पुस्तक काढून ठेव." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऑफिसात मात्र पेढे वाटले गेले. एकेक जण पाच-पाच पानं उघडत असल्यानं रेघ उभी चढली होती, विभाग वाचला होता. मुलगी पेढा खाऊन मनापासून हसली आणि मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पुढच्या गणपतीत आमच्या आरतीकडे कोणी फिरकलं नाही. घरोघरी पुस्तकं निघाली असणार. साहेबांनी आडवी पडलेली रेघ बराच वेळ निरखली आणि लोकांची भक्ती कमी झाल्याचं निदान केलं. मराठी विभाग बंद झाला.

दिवाळीआधी मुलगी अमरावतीला गेली. तिकडे स्थळ बघून ठेवलेलं होतं. शेवटच्या दिवशी कुणाला न विचारता तिनं पाचही पानं जोडून आरती पुन्हा सलग करून ठेवली. साहेबांना ते अजूनही कळलं नसेल. पान उघडून वाचायची त्यांना सवय नव्हती, ते फक्त रेघा बघत.