शिक्क्याचं पाकीट

आमच्या चिंचवडच्या चाळीतले एक शेजारी कारखान्यात फिटर होते आणि तिकिटं जमवायचे. पोस्टमन दिसला की माझ्याआधी ते दारात. "वहिनी, पत्र तुमचं, पाकीट माझं."

निर्वासितांच्या मदतीसाठी प्रत्येक पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे, तेव्हाची गोष्ट. छापील तिकिटं पोचेपर्यंत काही पोस्टांनी साध्याच तिकिटांवर रबरी शिक्का मारून ती विकली. मराठवाड्यातल्या माझ्या भावाचं पाकीट तसंच आलं.

"अशी फार थोडी निघाली. पण मोल पाकिटासकट," म्हणत त्यांनी ते दोन्ही हातांनी नेलं.

त्यांच्या बायकोनं तिकीट सुटावं म्हणून ते नेहमीसारखं परातीत भिजवलं. शिक्का धुऊन गेला. शेजारी तिकीट उजेडात धरून तिला म्हणाले, "काढलंस मात्र सुरेख. कडेचा एक दात तुटला नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळीच ते माझ्याकडे आले. "वहिनी, भावाला पत्र टाका. उत्तर येईलच." मी टाकलं. उत्तराची वाट न बघता त्यांनी आणखी दोन टाकायला लावली. एरवी माझं पत्र वर्षातून एकदा, भाऊबीजेला जायचं. भाऊ घाबरला आणि पिशवी घेऊन स्वतःच येऊन थडकला.

शेजाऱ्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "पाव्हणं, तुम्ही कशाला आलात? पत्र टाकायचं होतं."