हिच्या चौकाच्या मध्ये काय होतं

माझी बायको धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण वेळेवर लागते. तिनं धवला गायला सुरुवात केल्याशिवाय हळदीला हात लागत नाही. ही गाता गाता अंगणात तांदळाच्या पिठानं चौक काढायची, त्या चौकावर पाट मांडायचा आणि पाटावर नवरी बसायची. पनवेलच्या आसपासच्या गावांतल्या किती पोरी हिच्या चौकावर बसून पिवळ्या झाल्या, ते तिलाही माहीत नव्हतं.

ती जाऊन दीड वर्ष झालं, आणि नातीचं लग्न ठरलं. नात म्हणाली, "आजा, मला आजीचाच चौक पाहिजे." तिच्या बापानं, म्हणजे माझ्या मुलानं, डेकोरेशनवाल्याला आधीच सांगून ठेवलं होतं. तो छापलेला चौक आणून जमिनीवर चिकटवणार होता. मी म्हटलं, "फ्लेक्स पुढाऱ्याच्या वाढदिवसाला लावतात, नवरीच्या बुडाखाली नाही. चौक मी काढीन."

बोलून गेलो. माझं तोंड आधीपासून असंच आहे. ही होती तेव्हा तिचा कोपर माझ्या बरगडीत बसायचा आणि मी गप्प व्हायचो. आता बरगडी मोकळी आहे.

नात रडायला लागली, गळ्यात पडली. म्हणजे परतीचा रस्ता बंद. मग मी आठवायला बसलो आणि घाम फुटला. कडेच्या दुहेरी रेघा आठवत होत्या. चार कोपऱ्यांतली नारळीची झाडं आठवत होती. एका बाजूला सूर्य, समोर चंद्र. पण मध्ये काय होतं? मध्ये काहीच आठवेना. इतकी वर्षं त्या बाईशेजारी उभा राहिलो आणि पाहिलं काय, तर जेवणाची पंगत कधी बसते ते.

मुलाच्या लग्नाची कॅसेट पाहिली. चौकाची वेळ आली, तेव्हा कॅमेऱ्यापुढे बरोबर एक रुंद पाठ. ती माझीच. मी मंडपवाल्याशी भांडत होतो. पाठ बाजूला झाली तोवर पाट आलेला.

त्याच आठवड्यात खांदा कॉलनीत एका हॉलच्या दारावर कागद पाहिला: ज्येष्ठांसाठी चित्र आणि संगीताची मूलतत्त्वं. म्हटलं, मूळ कळलं तर मधलं आपोआप कळेल. गेलो.

वर्गात सगळे निवृत्त साहेब. शिकवणाऱ्या बाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी फळ्यावर लिहिलं: रेषा, आकार, रंग, पोत, अवकाश. मी चौथी शिकलेला, विचारायला लाज कसली!

"बाई, अवकाश म्हणजे?"

"रिकामी जागा, काका."

"ती आता पनवेलमध्ये कुठे राहिली?"

सगळे हसले. मागचा एक साहेब तेवढा हसला नाही. त्याच्या मुलाचं बांधकामाचं आहे, असं नंतर कळलं.

बाईंनी सांगितलं, मनातली एखादी जागा काढा. साहेब लोकांनी दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य काढला. सगळ्यांच्या मनात एकच जागा. मी उभ्याआडव्या रेघा मारल्या, पट्टी न लावता सरळ. आयुष्य मिठागरात बांध घालण्यात गेलं, रेघ हातातच आहे.

"काका, हे काय?"

"मिठागर."

"आणि मीठ?"

"अजून पडायचंय."

बाई चांगल्या होत्या. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, रेषा उत्तम आहे.

संगीताच्या दिवशी मात्र माझी बेअब्रू झाली. सगळे टाळ्या वाजवून ताल धरत होते आणि माझे हात भलतीकडेच. पण पाय बरोबर पडत होते. मिठागराचा तळ तुडवायचा तर दहा-बारा माणसं रांगेनं पाय आपटत सरकतात. एकाचा पाय चुकला की तळाला खड्डा पडतो आणि तिथलं मीठ काळं निघतं. तो ताल मी पायानं शिकलो, हातात तो कधी चढलाच नाही. बाई म्हणाल्या, "मग पायानंच धरा." मी धरला. पाच मिनिटांत खालच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर हातमोज्यांसकट वर आला.

"वर काय चाललंय? पेशंट तोंड मिटतोय माझा!"

"संगीत," मी म्हटलं.

त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं आणि खाली गेला.

असं शिकत होतो, पण चौकाचा मधला भाग सापडत नव्हता. बाई म्हणाल्या, चित्रात नजर जिथे थांबते, तिथे महत्त्वाची गोष्ट असते. म्हणून मी मध्ये कमळ काढलं. नात म्हणाली, "नाय आजा, हे नाय." कलश काढला. नाय. पोपट काढला, त्याला बघून ती म्हणाली, "ही कोंबडी कशाला?" मग काय होतं, विचारलं तर तिलाही सांगता येईना. हळदीला आठ दिवस राहिले. पोरीला शब्द दिलेला आणि मध्ये हे भोक.

शेवटी आपटा गावाहून मेव्हणीला बोलावलं. हिची धाकटी बहीण. हिच्या मागून धवला ओढायची आणि पिठाचं ताट धरायची. सगळी गाणी तिला पाठ. तिनं सांगितलं की ही रेघा मोजून काढायची नाही, गाण्यावर काढायची. एका दमात जेवढं गाणं, तेवढी लांब रेघ. दम संपला की हात उचलायचा.

आम्ही बिल्डिंगच्या गच्चीवर बसलो. ती गाते, मी पीठ सोडतो. सगळं जसंच्या तसं उतरत होतं. झाल्यावर मागे सरकून बघतो तर चौक रुमालाएवढा.

"असा बारका का गं?"

"माजा दम्याचा फवारा बगितलाय का? अक्काचा दम काय व्हता, माजा काय ऱ्हायलाय!"

मी डोक्याला हात लावला. मग मनातलं विचारलं, "ते जाऊ दे. मध्ये काय काढायची ती?"

"मधी?"

"मध्ये. कमळ? पोपट?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "भावजी, मधी तर ती सोताच बसलेली असायची! बसून चारी बाजूंना काढायची. उठली का तितं पाट. मधी काय बी नसायचं. एवढी वरसां तुमी बगत काय व्हतं?"

मध्ये मी तिलाच बघत होतो, हे मेव्हणीला कसं सांगायचं? पण ते तितकंसं खरंही नाही. पंगत बघत होतो.

दुसऱ्या दिवशी रुमालाएवढा चौक कागदावर काढून बाईंकडे गेलो. त्यांनी बोटानं मापं घेतली. "सगळंच सारखं लहान झालंय ना काका? मग प्रमाण बिघडलेलं नाही. सगळं दुप्पट करा. दोन दमांची एक रेघ." एवढ्या एका वाक्यासाठी मी महिनाभर दातांच्या डॉक्टरचे डोळे सोसले, पण वसूल झालं.

हळदीच्या दिवशी मांडवात शेणानं सारवलेल्या जागेवर मधोमध बसलो. मेव्हणीनं फवारा मारला आणि गायला लागली. दोन दम, एक रेघ. मी बसल्या जागी सरकत सरकत फिरलो. नारळी झाल्या, सूर्य झाला, चंद्र झाला, चारी कडा मिळाल्या. बायका पुढे सरकून बघत होत्या. सत्तरी ओलांडलेल्या पुरुषाला चौक काढताना त्यांनी पाहिलं नव्हतं.

"झाला," मी म्हटलं.

"झाला, पन भावजी, बाहेर कसं येनार? अक्का एक बाजू उघडी ठेवायची. बाहेर यायची न मग मिटवायची."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"मला वाटलं, एवढी अक्कल आसंल."

उठावं म्हटलं तर गुडघे उठेनात. पाय टाकावा तर चंद्र फिसकटणार. नात हसून हसून पिवळ्या साडीचा पदर तोंडात कोंबत होती. शेवटी मुलानं आणि होणाऱ्या नातजावयानं मला दोन्ही बगलांतून धरलं, मिठाच्या गोणीसारखं उचललं आणि चौकावरून अलगद पलीकडे ठेवलं. एक रेघही फिसकटली नाही.

मी वळून पाहिलं. चौक हिचाच होता. फक्त मधल्या ओल्या सारवणात माझ्या बुडाचा चांगला खोल ठसा उमटला होता. मेव्हणीनं तो पाहिला, मीही पाहिला. तिनं घाईघाईनं त्यावर पाट मांडला, नातीला हाताला धरून बसवलं, आणि हळद लागली.