तेविसावा चिंचोका

आमच्या परतूरकडच्या शाळेत मुलं सकाळी वर्गात येताना चिंचोका टाकतात. बरं वाटत असेल तर हिरव्या डब्यात, मन जड असेल तर काळ्यात.

आठवडाभर मुलं बावीस आणि चिंचोके तेवीस. काळ्या डब्यात रोज एक ओला!

"बाई, हिरीतलं कोनीतरी येऊन राह्यलं," शाळेमागच्या विहिरीकडे बघत मुलं कुजबुजायची.

आज मुलांना परिपाठाला पाठवून मी दाराआड थांबले. दार कुरकुरलं. फटीतून ओला हात आत आला. मी झटकन दार ओढलं.

खिचडी करणाऱ्या मावशी होत्या. तांदूळ धुता धुता आलेल्या.

"पोरायला रोज इचारता बाई, कसं वाटतं म्हून. मला घरी कोनीच इचारत न्हाई."

आज दोन्ही डब्यांत मिळून चोवीस निघाले. चोविसावा माझा, काळ्यातच.

तुमच्याकडे मोठ्यांना कोण विचारतं हो?